यांच्या फॅक्टरीच्या खाकी पँटा

मैत्रिणींनो, आज सकाळी कपाट आवरायला काढलं. आमच्या यांना फॅक्टरीतून रिटायर होऊन दोन वर्षं झाली, पण खाकी पँटांनी अजून अख्खा कप्पा अडवून ठेवला आहे. काढा म्हटलं की म्हणतात, "राहू दे ना, तुला काहून चावून राहिल्या?"

तेवढ्यात गल्लीत भांडेवाली आली, जुने कपडे घेऊन स्टीलची भांडी देणारी. मी सहाही पँटा तिच्यापुढे टाकल्या. तिनं एकेक उन्हात धरून पाहिली आणि चार बाजूला सारल्या. "भाभी जी, इनके घुटने गए."

हे दारातच उभे होते. तोंड एवढंसं झालं. मला वाटलं, आता सगळ्या उचलून आत नेतात.

पण त्यांनी तिला विचारलं, "ये दोनों बेचोगी क्या?"

"नहीं बाबूजी, मेरे आदमी को गार्ड की नौकरी मिली है. कल से जाना है."

हे त्या दोन पँटा घेऊन आत गेले. मी म्हटलं, झालं! मागून जाऊन पाहते तर इस्त्री करून राहिले होते! तीस वर्षांत माझ्या एका साडीवर इस्त्री फिरवली नाही या माणसानं. कडक घडी घातली, वरून आपला पट्टा पण दिला. उरलेल्या चारचे पोछे कर, हे स्वतःच म्हणाले.

दोन वर्षं मी नुसती "काढा, काढा" करून राहिली होती. पुढे कोण घालेल, हे एकदाही बोलली नाही.

भांडं लहानच मिळालं, चालते. तुमच्या घरी कोणाचा कप्पा असा अडून आहे? खरं सांगा.