शाळेच्या जागेची तळटीप

छापलेलं काहीही हातात आलं की ते आधी पानाच्या तळाशी बघायचे. मजकूर नंतर. खाली संदर्भ दिलेला असेल तर मान किंचित हलायची. नसेल तर कागद पालथा ठेवून म्हणायचे, "मोजल्याशिवाय पास नाही."

हे वाक्य कारखान्यातलं. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत ते तपासणी विभागात होते. मशीनवरून उतरलेल्या भागाला गेज लावायचं आणि पास की रिजेक्ट ते ठरवायचं. गुरुवारी कंपनीला सुट्टी असे. त्या दिवशी ते चिखलीहून दुचाकीवर चिंचवडला, आमच्या दैनिकाच्या कार्यालयात येत आणि जुन्या अंकांच्या बांधीव फायली मागत.

मराठी विकीवर, म्हणजे इंटरनेटवरच्या खुल्या ज्ञानकोशात, कुणीही लेख लिहू शकतो, कुणीही तो सुधारू शकतो. हे गृहस्थ नवा लेख कधी लिहीत नसत. दुसऱ्यांनी लिहिलेल्या वाक्यांना तळटीपा जोडत. एका गावाच्या पाणीयोजनेच्या सालासाठी त्यांनी तीन गुरुवार घालवलेले मी पाहिले.

आमच्या शिपायाने एकदा विचारलं, "काका, ह्याचं मिळतं काय?"

"काही नाही."

"मग काकू घरात कशा घेतात?"

"तिलाही पुरावा लागतो. शर्टावरची धूळ दाखवतो."

आम्हालाही सोडत नसत. "तुमची ही सूत्रं, राव, नेमकी कुठल्या पानावर राहतात?" अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांचा त्रास होतो, आणि ती बरोबर असतात.

त्यांचं मूळ गाव निघोज्याच्या पलीकडचं. विकीवर त्या गावाच्या लेखात एकच ओळ त्यांनी स्वतः लिहिली होती: गावातील शाळेसाठी जागा त्यांच्या आजोबांनी दिली. तिच्यापुढे 'संदर्भ हवा' ही खूणही त्यांनीच लावली होती. तलाठ्याकडच्या फेरफाराच्या वहीत नेमकं त्या नोंदीचं पान नव्हतं. आमच्या फायलींतही काही सापडलं नाही. गावी त्यांचे वडील होते, नव्वदीला आलेले. या गृहस्थांचा नात्यातला एक पुतण्या वडिलांना ती ओळ मोबाइलवर वाचून दाखवायचा. म्हातारबांना ती रोज लागायची.

मग जुनी शाळा पाडून नवी बांधायचं ठरलं. नाव कुणाचं द्यायचं, हा प्रश्न आला. कारखान्यांना कामगार पुरवणाऱ्या एका ठेकेदाराला आपल्या वडिलांचं नाव हवं होतं. ग्रामपंचायतीने या घराला सांगितलं, जागा तुमची होती तर पुरावा आणा. पुतण्याने पुरावा आणला. आमच्या पुरवणीत आलेला गावाचा परिचय त्याने विकीवरच्या ओळीला तळटीप म्हणून जोडला आणि कात्रण पंचायतीत दिलं. परिचय मी लिहिला होता.

त्या गुरुवारी त्यांनी फाइल मागितली नाही. माझ्या टेबलाशी उभे राहिले.

"आजोबांचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

मी त्या गावात कधी गेलो नव्हतो. पुरवणीची जागा भरायची होती, म्हणून विकीवरून मजकूर उचलला होता. 'संदर्भ हवा' एवढे दोन शब्द गाळले होते. मी ते सांगितलं.

"म्हणजे माझाच माल माझ्याकडं पास होऊन आला," ते म्हणाले.

मी सुचवलं, तुमच्या वडिलांशी बोलतो, रीतसर बातमी देतो. ते तयार झाले. पुढच्या गुरुवारी आम्ही गावी गेलो. म्हातारबा ओट्यावर बसले होते. मी वही उघडून विचारलं, "बाबा, शाळेच्या जागेचं काय झालं होतं?"

"आमी शिकल्यालो न्हाई," ते म्हणाले. मग सरळ बसले आणि लेखातली ओळ शब्दाला शब्द म्हणून दाखवली. 'गावातील', 'शाळेसाठी', सगळं पुस्तकी. त्यापुढे काही विचारलं की पुन्हा तीच ओळ.

गृहस्थांनी माझी वही मिटली. तिथेच मोबाइलवर लेख उघडून आधी तळटीप काढली, मग ओळ.

"काका, आपल्याच घरचं नाव आपुनच पुसायचं व्हय?" पुतण्या ओरडला.

"पुसलं न्हाई. पुरावा न्हाई म्हणलो."

"अख्ख्या गावाला ठाऊक हाय!"

"मग गावानं लिहून द्यावं."

"कोण दील? निम्म्या घरातली माणसं त्या ठेकेदाराकडंच कामाला हायती."

म्हातारबा एकदा मुलाकडे, एकदा पुतण्याकडे बघत होते. दुसऱ्या दिवशी पंचायतीला पत्र गेलं: कात्रण मागे घेत आहोत. खाली या गृहस्थांची सही होती. पुतण्याने नंतर त्यांच्याशी बोलणं सोडलं.

ते पुन्हा आमच्या कार्यालयात आले नाहीत. विकीवर प्रत्येक सदस्याच्या बदलांची यादी दिसते. त्यांच्या यादीत शेवटचा बदल ती ओळ काढल्याचा आहे. कारणाच्या रकान्यात लिहिलं आहे, 'संदर्भ विश्वसनीय नाही.'

शाळा झाली. नाव ठेकेदाराच्या वडिलांचं लागलं. उद्घाटनाची बातमी मी केली. आता गावाच्या लेखात ठेकेदाराच्या घराबद्दल नवी ओळ आहे: शाळेच्या उभारणीत या कुटुंबाचे मोठे योगदान आहे. तिला तळटीप आहे, ती माझ्या बातमीची. अंक, पान, तारीख सगळं बरोबर दिलं आहे. ती बातमी मी ठेकेदाराने समारंभात वाटलेल्या पत्रकावरून लिहिली होती. पत्रक त्याच संध्याकाळी टाकून दिलं.