नग एक, जसा आहे तसा

पावसकरचा फोन आला तेव्हा मी बहारीनमध्ये सखीरला युनिव्हर्सिटीच्या गच्चीवर एसीचं युनिट उघडून बसलो होतो. सकाळचे नऊच वाजले होते, पण जून महिना, पाना हातात धरवत नव्हता. पावसकर म्हणाला, "सदा, गफूरभाई गेले." मी म्हटलं, "कुठं गेले? जुलैचं तिकीट होतं ना त्यांचं?" "तसे नव्हे रे," तो म्हणाला, तेव्हा कळलं. ऑफिसात टेबलाशी बसल्या बसल्या गेले म्हणे, समोर अर्धा प्यालेला चहा. खोटं कशाला बोलू, मला पहिल्यांदा रागच आला. महिनाभर आमचं बोलणं बंद होतं. चूक त्यांची होती, माफी त्यांनी मागायची होती, आणि हा माणूस भांडण अर्ध्यावर टाकून खुशाल निघून गेला! मग पाना खाली ठेवला आणि तिथंच त्या तापलेल्या पत्र्याशेजारी बसून रडलो. हेल्पर समजला, मला ऊन लागलं. त्यानं माझ्या डोक्यावर पाण्याची बाटली ओतली.

गफूरभाई म्हसळ्याचे. बहारीनमध्ये कस्टम क्लिअरिंगच्या एका ऑफिसात ते क्लार्क होते, आणि नुसते नोकरीपुरते नव्हे, हाडाचे क्लार्क होते. सनाबिसच्या त्यांच्या खोलीत दूधवाल्याला द्यायची चिठ्ठीसुद्धा तीन प्रतींत निघायची. लिहिताना खाडाखोड झाली की शेजारी बारीक सही. "सही नसेल तर ती चूक, सही असेल तर ती दुरुस्ती," हे मला त्यांनी निदान शंभर वेळा ऐकवलं असेल. भाभी गावाला. इथं ते एकटे, मी एकटा. मी गुहागरचा, त्यांच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. शुक्रवारी नमाज आटोपून ते बिल्डिंगच्या खाली डबा घेऊन उभे राहायचे. मी दोनदा हॉर्न वाजवायचो, ते गाडीत बसायचे, आणि पट्टा लावायच्या आत आमचं भांडण सुरू व्हायचं. पेट्रोलपासून पापलेटापर्यंत कुठलाही विषय चालायचा. उम्म अल हस्समला मैदानाशी पोचेपर्यंत दोघांचाही आवाज बसलेला असायचा.

मैदान म्हणजे तासाच्या भाड्यानं मिळणारं हिरवं प्लॅस्टिकचं गवत. त्यावर आम्हा कोकणवाल्यांची फुटबॉल लीग. सहा संघ, सगळ्यांना आपल्याकडच्या नद्यांची नावं. आमचा जगबुडी. गफूरभाई मॅनेजर, मी गोलकीपर. आणि आम्ही दर वर्षी तळाला! लीगच्या सेक्रेटरीनं टीव्हीवर अमेरिकन लोकांचा फुटबॉल बघून एक नियम आणला होता, ड्राफ्टचा. म्हणजे दर जूनमध्ये, लोक गावी जायच्या आधी, प्रत्येक संघानं आपले चार खेळाडू राखायचे, बाकी सगळे परत निवडीला. जो संघ तळाला, त्याला निवडीचा पहिला नंबर, म्हणजे नवा चांगला खेळाडू आधी त्याला. हे नंबर संघासंघांत अदलाबदल करता यायचे. शिवाय राखून न ठेवलेल्या दुसऱ्या संघातल्या एका खेळाडूवर प्रत्येक मॅनेजरला आधी दावा सांगता यायचा. तो दावा सोडवायचा तर बदल्यात काहीतरी द्यायचं. नियम चांगला होता हो, तळाचा संघ वर यावा म्हणूनच केलेला. पण सहा वर्षं पहिला नंबर हातात येऊनही वर न आलेला संघ जगात एकच असेल, तो आमचा.

कारण गफूरभाई दर वर्षी तो नंबर पावसकरला देऊन टाकायचे! पावसकर शास्त्री संघाचा मॅनेजर, एका सुपरमार्केटात खरेदी बघतो, म्हणजे सौद्यात तयार माणूस. मी ड्राफ्टला कधी गेलो नाही. जूनमध्ये एसीवाल्यानं सुट्टी मागणं म्हणजे दिवाळीत मिठाईवाल्यानं मागण्यासारखं. संध्याकाळी त्यांचा फोन यायचा. "सदा, तू आपल्यातच आहेस. खलास." मी विचारायचो, "आणि पहिला नंबर?" "दिला पावसकरला." "बदल्यात काय घेतलंत?" "घेतला एक. अनुभवी आहे." मग ऑक्टोबरात सीझन सुरू झाला की तो अनुभवी मी शोधत बसायचो. कुणी दिसायचा नाही. मला वाटायचं, तो ऐन वेळी व्हिसा संपून गेला असेल, नाहीतर गुडघा धरून बसला असेल. सहा वर्षं मी हेच समजत होतो. मला कुणी बिनडोक म्हणालं तर आता मी भांडणार नाही.

गेल्या जूनमध्ये नदीम आला. क्रेन चालवायचा, आणि पायात असा काही चेंडू ठेवायचा की काढून दाखवा. मी गफूरभाईंना हात जोडून सांगितलं होतं, "ह्या वर्षी नंबर सोडू नका. तुमचा हा शेवटचा सीझन. कप घेऊनच गावी जा." माझ्या मनात तेवढंच होतं. पंचवीस वर्षं ह्या माणसानं लोकांच्या पेट्या सोडवल्या, त्याच्या स्वतःच्या बॅगेत एकदा तरी चांदीच्या रंगाचं काहीतरी जावं. ते म्हणाले, "इंशाल्ला." आणि दिला नंबर पावसकरला. नदीम शास्त्रीकडून खेळला. मे महिन्यातल्या शेवटच्या सामन्यात त्यानं माझ्यावर पाच गोल केले, त्यातला एक माझ्या दोन पायांतून. सामना संपल्यावर मी सगळ्यांसमोर गफूरभाईंवर ओरडलो. म्हटलं, "तुमच्याइतका वेडा सौदागर अख्ख्या आखातात नाही! गावी जा आणि कोंबड्या राखा!" ते शांतपणे म्हणाले, "काय झाला एवढा? गेम आहे." मी गाडी काढली आणि त्यांना तिथंच सोडून निघालो. ते टॅक्सीनं घरी गेले, असं नंतर कळलं.

त्यानंतरचे चार शुक्रवार मी सनाबिसला गेलो नाही. त्यांचे दोन फोन आले, मी कट केले. हे लिहिताना अजूनही लाज वाटते… पण लिहिलंच पाहिजे.

मनामाच्या कब्रस्तानात त्यांना माती दिली. आठवड्यानं भाभींचा म्हसळ्याहून फोन आला. "सदाभाऊ, कपडे कुणाला देऊन टाका. कागद तेवढे फेकू नका, त्यांचा जीव होता कागदावर." म्हणून मी आणि पावसकर खोली आवरायला गेलो. कपाटात फायली, सगळ्यांना लेबलं. एकीवर 'जगबुडी'. आत सहा पत्रं, टाइप केलेली, शिक्का मारलेली. मी पहिलं वाचायला घेतलं, तर पावसकर म्हणतो, "राहू दे रे, नंतर वाच." अर्थात मी वाचलंच.

"जगबुडी संघाचा निवडीतील पहिला नंबर शास्त्री संघास देण्यात येत आहे. बदल्यात: सदानंद, गोलकीपर. नग एक, वापरलेला, जसा आहे तसा. शेरा: गोल अडवत नाही. गाडी वेळेवर आणतो."

सहाही पत्रं तीच. फक्त शेरा निराळा. एका वर्षी "वजन वाढले आहे". एका वर्षी "ओरडतो, पण माल ओरिजिनल". तो अनुभवी मीच होतो! मी पावसकरकडे बघितलं. तो पलंगावर बसला होता, हसत होता की रडत होता ते त्याचं त्यालाही कळत नसावं. म्हणाला, "पहिल्या वर्षी गंमत म्हणून तुझ्यावर दावा लावला रे. यांनी सरळ पहिला नंबर काढून दिला. मग दर वर्षी लावत गेलो. नदीमच्या वेळी मलाच कसंतरी झालं. म्हटलं, भाई, विचार करा, चारांत राखा सदाला. तर म्हणाले, त्याला चारांत राखला तर बाकीचे प्लेअर मला मारतील. आणि नदीम गोल करील, पण शुक्रवारी मी भांडू कुणाशी?"

फायलीत सर्वांत खाली सातवं पत्र होतं. ह्या वर्षीच्या ड्राफ्टसाठी आधीच टाइप करून ठेवलेलं, शिक्का मारलेला, सहीची जागा कोरी. तारीख आमच्या भांडणानंतरची. मजकूर तोच. शेरा: "सध्या बोलत नाही. तरी चालेल."

मी ते पत्र घडी करून खिशात घातलं आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला.

गेल्या आठवड्यात ड्राफ्ट झाला. जन्मात पहिल्यांदा मी जूनमध्ये रजा मागितली. सुपरवायझरनं कारण विचारलं, मी म्हटलं घरचं काम आहे. उम्म अल हस्समच्या हॉटेलातली वरची खोली, सहा मॅनेजर, चहा, समोसे, आणि ह्या वेळी माझ्यामागं आमची पोरंही. जगबुडीचा मॅनेजर आता मी. तळाला आम्हीच, पहिला नंबर आमचाच, आणि राजापूरचा एक वेल्डर निवडीला होता, जिल्ह्याकडून खेळलेला. आमची पोरं मला कोपरानं ढोसत होती, ह्याला घे, ह्याला घे. सेक्रेटरीनं विचारलं, कुणाचा दावा? पावसकरनं घसा साफ केला, खाली बघत हात वर केला आणि म्हणाला, "सदानंद. गोलकीपर."

मी सातवं पत्र काढून टेबलावर ठेवलं. "पहिला नंबर घे," म्हटलं, "आणि मला सोड." आमच्या संघानं कपाळाला हात लावला. एक जण तर उठून बाहेर गेला, समोसा घेऊन. वेल्डर शास्त्रीला गेला, ऑक्टोबरात तो मला किती गोल मारतो ते दिसेलच. मॅनेजरच्या जागी सही करताना माझा हात शेऱ्यापाशी थांबला. "सध्या बोलत नाही" एवढे शब्द मी एका रेघेनं काटले आणि त्यांनी शिकवल्याप्रमाणे शेजारी बारीक सही केली.