स्वप्नालीची फुल टाइम नोकरी

इंग्रजीत शब्द जोडीने राहतात, हे स्वप्नालीला तिसाव्या वर्षी दिल्ली कँटमध्ये कळलं. लष्करातल्या हवालदार यशराजची ही बायको मूळची खटाव तालुक्यातली, बारावी पास. जवानांच्या बायकांना इंग्रजी शिकवायला छावणीतल्या महिला केंद्रात पुण्याच्या रेवतीताई यायच्या. त्यांनी एक अख्खा आठवडा नुसता 'टाइम' घेतला. स्पेंड टाइम, सेव्ह टाइम, वेस्ट टाइम. बाकीच्या बायका माना डोलवत पाठ करत होत्या, स्वप्नालीला मात्र हसू फुटलं. आपल्याकडे वेळ येते आणि जाते, आपण आपलं बघत बसायचं. इंग्रज गडी ती खर्च करतो, साठवतो, उधळतो, आणि काहीच सुचलं नाही तर किल टाइम म्हणून चक्क तिचा जीव घेतो. एवढी सत्ता वेळेवर कुणाची असू शकते, हेच तिला नवल वाटलं.

पण त्या जोड्या तिच्या जिभेवर बसल्या. कणीक मळताना, कुकरच्या शिट्टीची वाट बघताना ती त्या पुटपुटायची. दुसरीतली राधा "आई यार, पुन्हा तेच?" म्हणून वैतागायची, आणि उच्चार चुकला की सुधारायचीही.

जवळच्या पालममधल्या एका शाळेत रिसेप्शनवर बाई हवी होती. सरोजिनी नगरच्या बाजारातून घासाघीस करून आणलेला कुर्ता घालून स्वप्नाली मुलाखतीला गेली. प्रिन्सिपल मॅडमनी इंग्रजीतच विचारलं, घरी लहान मुलगी आहे, जमेल का? "आय विल बी ऑन टाइम, मॅडम. आय डोन्ट वेस्ट टाइम," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण जोडी मोडली नाही. नोकरी मिळाली, तीही फुल टाइम. नवं सत्र सुरू झालं की यायचं होतं. आजवर ती कुणाची तरी सून, कुणाची तरी बायको होती. आता गळ्यात तिच्या स्वतःच्या नावाचं कार्ड येणार होतं, आणि त्या आनंदात तिला दोन दिवस जेवण गेलं नाही.

अडचण एकच होती. यशराजची बदली त्याच सुमारास निघणार होती. एखाद्या शांत ठाण्याची ऑर्डर आली, तर काळ्या ट्रंका भरून सगळ्यांनी त्याच्यामागे जायचं. तो एकटाच फील्डला, म्हणजे सीमेवर गेला, तर मात्र कुटुंबाला हे क्वार्टर काही काळ ठेवायची परवानगी मिळते. क्वार्टरांच्या लाइनीतल्या सगळ्या बायका फील्ड टळू दे म्हणून देवाला हात जोडतात. स्वप्नाली शनिवारी कँटच्या मारुतीला गेली, तेल वाहिलं आणि उलटं मागून आली. फील्ड हा शब्द तिने असा उच्चारला, जणू ते एखाद्या कॉलनीचं नाव आहे. तिला क्वार्टर हवं होतं, बाकी कशाचा विचार तिने स्वतःला करूच दिला नाही. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, ते काय उगाच?

एका संध्याकाळी यशराज आला, बूट काढले आणि पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाला, ऑर्डर आली, फील्ड निघालं.

"मग क्वार्टर राहील ना?"

शब्द तोंडातून गेले तेव्हा तिला कळलं, की आपण आधी हे विचारलं. कुठे जायचं, कधी जायचं, तिथे किती बर्फ असतो, काहीच नाही. यशराजने तिच्याकडे पाहिलं. "राहील," तो म्हणाला आणि भांडं खाली ठेवलं. मग त्याने एका खिंडीचं नाव सांगितलं. मागच्या वर्षी शेजारच्या क्वार्टरमधले हवालदार तिथूनच आले होते, तिरंग्यात. स्वप्नालीने ओट्याची कड धरली.

रात्रभर तिचा डोळा लागला नाही. सकाळी तिने ठरवून टाकलं. यशराज माळ्यावरून ट्रंक काढत होता, तिच्या झाकणावर आधीच्या तीन ठाण्यांची नावं पांढऱ्या रंगाने खोडलेली होती. ती म्हणाली, "अहो, मी शाळेला नाही म्हणून कळवते. साहेबांना सांगा, बायको घाबरते. शांत ठिकाण द्या म्हणावं. मी कुठेही येते तुमच्याबरोबर."

तो चिडला नाही. चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं. फडक्याने ट्रंकेवरची धूळ पुसत तो सावकाश म्हणाला, "तू नोकरी सोडलीस म्हणून माझी ऑर्डर फिरते का, वेडे? मला जायचंच आहे. तू कामावर जा. आपल्या घरात एकाला तरी मागितलेलं मिळालं."

मारुतीचं तिने त्याला कधी सांगितलंच नव्हतं. तो ब्रशने झाकणावर नवीन ठाण्याचं नाव लिहायला बसला.