खाजणातलं शून्य

तापीच्या मुखाजवळच्या त्या खाजणावरून, म्हणजे भरतीच्या पाण्याच्या दलदलीवरून, कुणी माझं कौतुक केलं की मी अजूनही विषय बदलतो. माझ्या निरोपसमारंभात एका अधिकाऱ्याने सांगितलं होतं, "माशांची पिल्लं तिथे वाढतात हे यांनी शोधलं." टाळ्या पडल्या, मी हार घालून घेतला. खरं असं आहे की ते खाजण नकाशावरून जवळजवळ पुसलं होतं ते मीच. ज्यांच्यामुळे ते वाचलं त्यांच्यावर कामचुकारपणाचा शिक्का बसला, तोही माझ्यामुळे. आता डोळ्याचं ऑपरेशन झालंय, पुन्हा लिहिता येतंय, तेव्हा लिहून टाकतो.

सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. मी खानदेशातला, तापीकाठचाच, पण समुद्र पाहिला तो सुरतेला नोकरी लागल्यावर. कतारगामला भाड्याची खोली, शेजारी गावाकडचेच लोक, घरात अहिराणी. आमची किनाऱ्याच्या पाहणीची छोटी कचेरी होती. साहेबांच्या डोक्यात एक कल्पना होती आणि बऱ्याच जणांना ती वेडेपणाची वाटे. समुद्राचा एक तुकडा राखून ठेवायचा. जंगलात शिकारबंदी असते, तशी तिथे पावसाळ्यात जाळंबंदी. पण कुठला तुकडा? त्यासाठी साहेबांनी नकाशावर चौकटी आखल्या. प्रत्येक चौकटीत तळ कसा आहे, वाळू, चिखल की तिवरांची झाडं, आणि जाळ्यात कोणते मासे येतात, हे मी टिपायचं. जिथे पिल्लं जास्त, ती जागा राखीव.

आमची लाँच भरतीलाच निघे. ओहोटीला पाणी इतकं मागे जाई की धक्क्यापासून नजर पोहोचेल तिथवर नुसता चिखल. खाजणात तर भरतीलाही लाँच शिरत नसे, तळ लागे. म्हणून त्या चौकटीपुढे मी काहीच लिहिलं नाही. हेडक्लार्कनी तक्ता परत पाठवला. "कोरा रकाना वर जात नाही. काही नसेल तर शून्य घाला."

मी शून्य घातलं. काही सापडलं नाही आणि आपण पाहिलंच नाही, यांतला फरक मला कळत नव्हता असं नाही.

लाँच चालवणारे तांडेल सुरती माछी, म्हणजे तिकडचे कोळी, साठीला आलेले. इथे मराठी माणसाला सगळेच भाऊ म्हणतात, तसं तेही मला म्हणत. मी त्यांना काका म्हणे. खानदेशी कामगारांच्या शेजारात राहून त्यांना मराठी येऊ लागलं होतं, पण मधेच गुजराती शिरायचं.

"भाऊ, हा सगळा गाळ तुमच्या मुलखातला. तापी घेऊन येते अने आमच्या दारात टाकते. आणि तुम्हीच त्याला घाबरता!"

मी खरंच घाबरायचो. नोकरीच्या सुरुवातीलाच एक माणूस कमरेपर्यंत रुतलेला पाहिला होता. त्याला दोर लावून ओढून काढलं, तेव्हा तो लहान मुलासारखा रडत होता. "ओहोटीला चाला माझ्याबरोबर, चिखलावर सरकायची फळी देतो, खाजण बघून येऊ," असं काका कितीदा म्हणाले. मी कधी पाठदुखी सांगितली, कधी घरी पाहुणे.

तक्त्यांवरून साहेबांनी राखीव हद्दीची लाल रेघ ओढली. शून्याची चौकट बाहेर राहिली. त्याच सुमारास खाजणात भराव घालून नवा धक्का बांधायची मागणी आली होती. "तिथे काही नाहीच, तर हरकत कशाला घ्यायची?" असं म्हणून साहेबांनी पेन उघडलं. तेवढ्यात तांडेलकाका डिझेलच्या कामासाठी आत आले आणि नकाशावर वाकले.

"साहेब, खाजणमां शून्य? कोणी मोजलं?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडून निघालं, "तांडेलांनी लाँच तिकडे नेलीच नाही."

शब्द न् शब्द खरा होता आणि तरी ते खोटं होतं.

"का नेली नाही? आळस?" साहेब कडाडले.

काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "चूक झाली, साहेब. लाँच नाय जात, पण पाय जातात. उद्या सकाळची ओहोटी आहे. तुम्ही या, भाऊंना पण आणा."

साहेबांनी सही थांबवली आणि दुसऱ्या सकाळी आम्ही खाजणात उतरलो. फळीवर एक गुडघा टेकायचा आणि दुसऱ्या पायाने चिखल मागे रेटायचा. साहेब लवकर शिकले. मी तोंडावर आपटलो.

"वा भाऊ, गावची माती कपाळाला लावली!"

काकांचा अंदाज होता की कोळंबी भेटेल. कोळंबी नावालाच निघाली. पण तिवरांच्या मुळांशी साचलेल्या डबक्यात साहेबांनी हातजाळी बुडवली आणि ती चमचमत वर आली. बोटाच्या पेराएवढी बोय माशाची आणि काचेसारखी रावसाची पिल्लं. पुढच्या डबक्यात तेच, त्याच्या पुढच्यातही. काका स्वतःच थक्क झाले. "आटला बधा! इतके सगळे! एवढी वर्षं बाजूने गेलो मी!" साहेब चिखलातच मांडी घालून बसले आणि हसायला लागले.

अंगावरचा चिखल वाळायच्या आत त्यांनी कचेरीत जुनी रेघ खोडून खाजण आत घेणारी नवी रेघ ओढली. भरावाला हरकत गेली आणि तो बेत बारगळला. आमच्या हद्दीला सरकारी शिक्का कधी मिळाला नाही, पण माछींच्या पंचांनी ती मानली. पुढच्या पावसाळ्यात खाजणाच्या तोंडाशी एकही जाळं लागलं नाही.

अहवालात साहेबांनी शोधाचं श्रेय मला दिलं, आणि तांडेलांनी टाळाटाळ केली असं एक वाक्य घातलं. दोन्ही मी वाचलं आणि गप्प बसलो. ते वाक्य खोटं आहे. टाळाटाळ माझी होती.

काकांना मात्र मी एकदा धक्क्यावर विचारलं होतं, "काका, त्या दिवशी साहेबांना खरं का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर साहेब तुम्हाला ओरडत बसले असते. तोवर खाजणचा कागद सही होऊन गेला असता." त्यांनी बिडी विझवली. "तुमच्या तक्त्यात अशी शून्यं अजून किती?"

मी खाली मान घालून एकेक चौकट सांगत गेलो. त्यांचं हसू वाढत गेलं. समोर पाणी उतरायला लागलं होतं.

"चाला मग," म्हणाले, आणि फळी माझ्याकडे सरकवली.