पाठ असलेली स्तोत्रं आणि गेलेला डोळा

"मावशी, डाव्या डोळ्यासाठी आता काही करता येणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "गेलेली नजर परत येत नाही. उजव्या डोळ्यात जी उरली आहे ती सांभाळू."

तळेगावच्या डोळ्यांच्या दवाखान्यात हे ऐकलं तेव्हा मी रडले नाही. माझी सून सुनीता रडली. मी तिला म्हटलं, डोळा माझा गेलाय, तू तुझे पूस.

मी लोणावळ्याची. वय बहात्तर, शाळा चौथीपर्यंत. चिक्कीच्या कारखान्यात पाकिटं भरण्यात हयात गेली. नवरा देहूरोडला लष्कराच्या डेपोत होता, तो जाऊन आठ वर्षं झाली. नाव सलोमी, पण चर्चमध्ये सगळे सलूमावशी म्हणतात. हे लिहिते आहे ते ज्यांच्या घरी रोज बायबल वाचतात आणि ज्यांना एखादं औषध जन्मभर घ्यायचं आहे त्यांच्यासाठी. बाकीच्यांनी वाचलं तरी चालेल.

आजाराचं नाव ग्लॉकोमा. मराठीत काचबिंदू. डोळ्याच्या आत पाणी असतं, त्याचा दाब वाढतो आणि मागची नस दबते. त्या नसेला डॉक्टर ऑप्टिक नर्व्ह म्हणतात. दिसलेलं डोक्यापर्यंत नेण्याचं काम तिचं. ती हळूहळू मरते. दुखत नाही, लाल होत नाही. नजर बहुतेक कडेने जायला लागते, म्हणून माणसाला कळत नाही. मोतीबिंदू काढता येतो. हा काढता येत नाही, फक्त थांबवता येतो.

मला हे दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं नाही.

तेव्हा डाव्या डोळ्यापुढे धूसर व्हायचं. लोणावळ्यात पावसाळ्याचे चार महिने ढग घरात शिरतो, त्यामुळे मला वाटलं धुकं आहे. दिवाळी झाली, ऊन पडलं, तरी धुकं हटेना. सुनीता मला तळेगावला घेऊन गेली. तिथे प्रेशर तपासलं. डोळा बधिर करायचं औषध टाकतात आणि निळा दिवा बुबुळाला टेकवतात. दाब जास्त निघाला. याच डॉक्टर होत्या. त्यांनी थेंबाची बाटली दिली आणि म्हणाल्या, "सकाळी एक, संध्याकाळी एक. जन्मभर. बरं वाटलं तरी थांबवायचं नाही. बरं वाटणं आणि बरं असणं यात या आजारात फरक आहे."

पाच महिने मी थेंब नेमाने टाकले. पुढे जे झालं त्याला मीच जबाबदार आहे, पण एकटी नाही.

आमच्या महिला मंडळाने माझ्या डोळ्यासाठी तीन शुक्रवार उपास करून प्रार्थना केली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यानंतरच्या रविवारी उपासनेत शास्त्रवाचन माझ्याकडे होतं. एकशे एकविसावं स्तोत्र, डोंगरांकडे डोळे लावण्याचं. उभी राहिले तेव्हा लक्षात आलं की चष्मा घरी राहिला. आता बसायचं कसं, म्हणून तशीच वाचायला लागले आणि शेवटपर्यंत वाचलं. एक शब्द अडला नाही.

मंडळाच्या प्रमुख एस्तेरबाई पहिल्या बाकावर होत्या. त्या उठून म्हणाल्या, "सलूमावशी, चष्म्याशिवाय वाचलंत तुम्ही. साक्ष द्या."

आमच्याकडे साक्ष म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं. मी सांगितलं. म्हणाले, माझा डोळा धूसर होता, तुम्ही प्रार्थना केली, आज मी चष्म्याशिवाय वाचलं. लोक आमेन म्हणाले, टाळ्या वाजवल्या. बाहेर पडताना बायकांनी माझे हात धरले. चाळीस वर्षं त्या चर्चमध्ये जातेय, माझे हात असे कोणी धरले नव्हते. ते मला आवडलं. हेही लिहून टाकते.

मी खोटं बोलले नव्हते, आणि तेच जास्त वाईट. खोटं बोलणारीला निदान खरं काय ते ठाऊक असतं. मी लग्न झाल्यापासून रोज पहाटे बायबल वाचते. वाचायला खरं शिकले ती त्यावरच, शाळेत नाही. स्तोत्रं, शुभवर्तमानं, पौलाची पत्रं पाठ झाली आहेत. पानावर काळ्या ओळी दिसल्या की तोंड आपोआप चालू होतं. त्या रविवारी मी वाचत नव्हते, म्हणत होते. मला स्वतःलाही ते कळलं नाही.

त्या संध्याकाळी थेंबाची बाटली हातात घेतली आणि थांबले. बरी झाले म्हणून सगळ्यांसमोर सांगितलं, आता औषध टाकलं तर साक्ष खोटी. मी एस्तेरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "आता औषध टाकलंत तर देवाला काय वाटेल?"

देवाला काय वाटतं हे एस्तेरबाईंना नेहमी माहीत असतं. स्वतःची साखरेची गोळी मात्र त्या रोज घेतात. साखरेची साक्ष त्यांनी अजून दिलेली नाही.

आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनाही विचारलं. ते म्हणाले, "तुमच्या विश्वासाप्रमाणे होवो." हे उत्तर नव्हे. पण मी ते उत्तर म्हणून घेतलं, कारण मला तेच हवं होतं. बाटली कपाटात साड्यांच्या मागे गेली. चष्माही गेला, कारण चष्म्याशिवाय दिसतं असं सांगून बसले होते. सुनीता हॉटेलात कामाला सकाळी सातला जाते. तिने विचारलं की मी म्हणायचे, टाकलं. म्हणजे खोटंही बोलले. ते घरी बोलले.

असं सव्वा वर्ष गेलं. चहाचा कप डावीकडे ठेवला की सांडायचा. दाराची चौकट डाव्या खांद्याला लागायची. चर्चची पायरी दोनदा चुकली. दोन्ही वेळा बायकांनी सावरलं आणि म्हणाल्या, वय झालं. सकाळचं वाचन मात्र रोज व्यवस्थित चालू होतं, त्यामुळे मला खात्री होती की डोळे ठीक आहेत. ज्या गोष्टीने मला आधी सावध करायला हवं होतं तिनेच मला फसवलं.

खरं सांगितलं ते आमच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानवाल्या शब्बीरभाऊने. तो मूळचा मावळातल्या खेड्यातला, बोलणं सरळ. एक दिवस बिस्किटांची बरणी माझ्या हाताने पडली तेव्हा म्हणाला, "मावशी, तुमी डाव्या बाजूच्या बरण्या पाडता. उजवीकडची एक बी पडत न्हाई. आमच्या अब्बांचं असंच झालतं."

मी म्हटलं, "तुझ्या बरण्या आत सरकव."

"बरण्या वीस वर्षं हितंच हायेत मावशी. तुमी सरकलाय."

मी आठवडाभर त्याच्या दुकानात गेले नाही.

मग तो गुरुवार आला. आदल्या दिवशी सुनीताने कपाट पुसताना बायबल उचललं होतं आणि आतली खुणेची फीत स्तोत्रांमधून सरकली. पहाटे मी फितीवर उघडलं आणि मोठ्याने वाचायला लागले, तेविसावं स्तोत्र. सुनीता मागे चहा घेऊन उभी होती. माझं वाचून होईपर्यंत ती थांबली. मग हळूच म्हणाली, "आई, हे पान एज्राच्या पुस्तकाचं आहे."

मी म्हटलं, "काय?"

"एज्रा. नावांची यादी आहे इथे. तुम्ही काय वाचत होता?"

मी पानाकडे पाहिलं. काळ्या ओळी होत्या. त्या काय सांगतात ते मला माहीत नव्हतं. उजवा डोळा हाताने झाकला, तर ओळीही राहिल्या नाहीत. कपाटातून बाटली काढली, तिच्यावरची तारीख उलटून गेली होती. त्याच दिवशी आम्ही तळेगावला गेलो.

दवाखान्यात बसणं हेच मोठं काम. बाहुली मोठी करायचं औषध टाकतात आणि तासभर डोळे मिटून बसवतात. तिथल्या बाकावर पंधरा-वीस म्हातारी माणसं एका रांगेत डोळे मिटून बसलेली असतात. लांबून बघणाऱ्याला वाटेल प्रार्थनासभा आहे.

फील्ड टेस्ट म्हणजे नजर किती रुंद आहे ते बघणं. एक डोळा झाकतात, हनुवटी टेकवून पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात बघायचं. समोरच्या दिव्यावरून नजर हलवायची नाही, आजूबाजूला बारीक ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. उजव्या डोळ्याचं झालं. डाव्याला बसले. बराच वेळ गेला.

तपासणारी मुलगी म्हणाली, "आजी, लाइट दिसली की बटण दाबा."

मी म्हटलं, "दाबते ना. तू आधी लाव तर."

तिने यंत्र बंद केलं. तेव्हा मला कळलं की दिवे केव्हाचे लागत होते.

डॉक्टरांनी औषध का बंद केलं ते विचारलं. मी सगळं सांगितलं, साक्षीसकट. त्या हसल्या नाहीत. नवीन बाटल्या लिहून दिल्या, नवा चष्मा लिहून दिला आणि म्हणाल्या, "मावशी, पुढच्या वेळी साक्ष द्यायच्या आधी फील्ड टेस्ट करा."

घरी आल्यावर मी महिनाभर बायबल उघडलं नाही. देवावर राग होता, आहे. पण राग धरून दिवस सरत नाही, आणि लग्नापासूनची सवय पहाटे उठवतेच. मग ठरवलं, पाठ असलेलं वाचायचं नाही. नवा चष्मा लावून, बोट ठेवून, एज्राचं तेच पान काढलं. परोश, शफाट्या, आरह. माणसांची नावं, कोणाचे किती वंशज बंदिवासातून परत आले एवढंच. जन्मभर ही पानं मी उलटून पुढे गेले होते. पाठ व्हायला लागलं की पान बदलते.

मध्ये मार्कचं शुभवर्तमानही असंच अक्षर अक्षर लावून वाचलं. त्यात बेथसैदाच्या आंधळ्याची गोष्ट आहे. येशू त्याच्या डोळ्यांवर हात ठेवतो आणि विचारतो, काही दिसतं का. तो माणूस म्हणतो की माणसं दिसतात, पण झाडं चालल्यासारखी दिसतात. मग येशू पुन्हा हात ठेवतो, तेव्हा त्याला स्वच्छ दिसतं.

ही गोष्ट मी किती वेळा म्हटली असेल. कधी वाचली नव्हती. त्या माणसाने आमेन म्हटलं नाही. अजून नीट दिसत नाही असं त्याने प्रभूच्या तोंडावर सांगितलं, म्हणून दुसऱ्यांदा हात मिळाला. त्याच्या जागी मी असते तर म्हणाले असते, सगळं स्वच्छ दिसतं, प्रभूची स्तुती असो. आणि जन्मभर झाडं बघत बसले असते.

पौलाचा शिष्य तीमथ्य, त्याचं पोट बिघडायचं तेव्हा पौलाने त्याला थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. साक्ष दे म्हणाला नाही. हेही मला आत्ता दिसलं, एका डोळ्याने.

मी पाळकसाहेबांकडे गेले आणि रविवारी पाच मिनिटं मागितली. साक्ष मागे घ्यायची होती. ते म्हणाले, "सलूमावशी, लोकांचा विश्वास डळमळेल."

मी म्हटलं, "डळमळू द्या. मी तुमच्या पायरीवर दर रविवारी डळमळते."

रविवार मिळाला नाही. शुक्रवारी महिला मंडळात बोला म्हणाले. मी बोलले. म्हणाले, त्या रविवारी मी वाचलं नव्हतं, पाठ म्हटलं होतं. डोळा बरा झाला नव्हता. मी औषध सोडलं आणि डोळा गेला. तुमच्यातल्या कोणी माझी साक्ष ऐकून काही सोडलं असेल तर आज घरी जाऊन परत चालू करा.

कोणी आमेन म्हटलं नाही. एस्तेरबाई म्हणाल्या, "देव परीक्षा घेतो, मावशी. कधी आपला विश्वास कमी पडतो."

मी म्हटलं, "विश्वास पुरेसा होता. थेंब कमी पडले. तुमची साखरेची गोळी पर्समध्ये आहे ना, ती वेळेवर घ्या."

चहाच्या वेळी माझ्या बाकावर दुसरं कोणी बसलं नाही. हात धरणं तर राहिलंच. पण पुढच्या आठवड्यात दोघीजणी घरी आल्या, वेगवेगळ्या दिवशी, दोघीही मागच्या दाराने. एकीने बीपीची गोळी सोडली होती, कारण तिनेही साक्ष दिली होती. दुसरीला दवाखान्याचा पत्ता हवा होता. मी दोघींना चहा दिला. डावीकडे ठेवला नाही. त्या आल्या याबद्दल मी देवाचे आभार मानले. बऱ्याच दिवसांनी मानले, आणि तेवढ्यापुरतेच.

शब्बीरभाऊच्या दुकानातही गेले. त्याने डाव्या बाजूच्या बरण्या उजवीकडे नेऊन ठेवल्या होत्या. मी त्यांच्याकडे एकदा बघून घेतलं. अर्धा किलो साखर घेतली.

ज्यांना हा आजार आहे त्यांना एकच सांगते. बरं झालंय का हे स्वतःच्या मनाला विचारू नका, मंडळीला विचारू नका. एक डोळा झाकून असं काहीतरी वाचा जे तुम्हाला पाठ नाही.

मी सध्या बायबलमधल्या इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात आहे. तिथे नावंच नावं आहेत. थेंब टाकते, डोळ्याचा नाकाकडचा कोपरा बोटाने दाबून पाच मिनिटं डोळे मिटते, तेवढ्यात प्रार्थना उरकते. मग डोळा दुखेपर्यंत वाचते आणि किती नावं झाली ते मोजते. काल अकरा झाली होती. आज नऊ झाली. सुनीता म्हणते, बाहेर ढग आहे, उजेड कमी आहे.

असेल. उद्या दिवा लावून पुढची नावं वाचणार आहे. नऊच निघाली तर डॉक्टरांनी दिलेल्या पुढच्या तारखेची वाट बघणार नाही, सकाळीच तळेगावला जाईन.