देवी डॉक्टरांची जीप

एका जीपमध्ये रोज तीन माणसं आणि लशीचा थर्मास कोंबला की किस्से गोळा करावे लागत नाहीत, रस्त्याच्या धुळीसारखे ते आपोआप अंगावर बसतात. सत्तर-बाहत्तरच्या सुमारास मी नगर जिल्ह्यातल्या एका आरोग्य केंद्रात देवीची लस टोचायला होतो. खरे डॉक्टर म्हणजे शेवडेसाहेब, पुण्याहून नुकतेच आलेले. जीपवर रंगनाथ. पण गावोगाव ‘देवी डॉक्टर’ म्हणत ते मला!

* * *

देवी कशा दिसतात ते लोकांना कळावं म्हणून आमच्याजवळ एक रंगीत फोटो असायचा. अंगभर फोड आलेलं लहान मूल. घरोघर तो दाखवून विचारायचं, “असं कुणी पाहिलंय का?”

बेलापूरजवळच्या एका वस्तीवर म्हातारीनं फोटो हातात घेतला, उजेडात धरला, बराच वेळ न्याहाळला. साहेब पुढे सरकले. केस सापडली असंच वाटलं आम्हाला.

म्हातारी फोटो परत देत म्हणाली, “आमच्याकडं न्हाई आलं. पर असं आजारी लेकरू एकटं सोडलं कुनी?”

* * *

साथीची बातमी लवकर कळावी म्हणून साहेबांनी पोलीस पाटलांना बजावलं होतं, “काही झालं की लगेच निरोप धाडा.”

एका सकाळी राहात्याकडून आलेल्या एसटीच्या कंडक्टरनं दारात उभं राहून एका पाटलांचा निरोप सांगितला. “गावात कुनी आजारी न्हाई. एक हुता, त्यो काल मेला.”

चहा तसाच टाकून निघालो. रंगनाथनं जीप अशी हाणली की थर्मास मी मांडीवर तान्ह्या मुलासारखा धरला होता. पाटील वेशीतच उभे. साहेबांनी उतरता उतरता विचारलं, “जुलाब होत होते?”

“व्हय, लई.”

“आणि उलट्या?”

“त्ये बैलाचं कसं कळनार, साहेब?”

* * *

ऊसतोड मजुरांच्या पाचटाच्या कोप्यांवर टोचत होतो. एक तगडा गडी रांगेत दुसऱ्यांदा उभा दिसला.

“तुला आत्ताच टोचलं ना?”

“व्हय. आता भावाच्या वाटनीचं द्या. त्यो लई भितो.”

* * *

दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या सगळ्यांना मिळून एकच विहीर. कॉलऱ्याची धास्ती, म्हणून मी त्यात जंतू मारायची टीसीएल पावडर टाकली. बायका म्हणाल्या, “पान्याला दवाखान्याचा वास येतोय,” आणि हंडे घेऊन नाल्यातल्या गढूळ डबक्याकडे निघाल्या. साहेबांनी समजावलं. मग सगळ्यांदेखत तांब्याभर पाणी प्यायले. कुणी ढिम्म हललं नाही.

रंगनाथ मोठ्यानं म्हणाला, “जाऊ द्या साहेब. हे पाणी मुकादमाच्या माणसांनाच राखून ठेवू.”

सगळे हंडे तिथल्या तिथे मागे वळले.

* * *

आणि राहुरीच्या बाजूचं ते लग्न, दुष्काळ पडायच्या आधीच्या उन्हाळ्यातलं.

नवरीच्या धाकट्या भावाला ताप आहे, अंगावर फोड आहेत आणि त्याला आतल्या खोलीत लपवून लग्न लावतायत, अशी बातमी लागली. पोचलो तेव्हा अक्षता पडून पंगती उठत होत्या. साहेब आत गेले. कांजिण्यांत सहसा नसतात तसे तळहाता-तळपायांवरही फोड पाहून बाहेर आले ते रंग उडालेल्या चेहऱ्यानं.

“देवीच आहेत. हे वऱ्हाड आता चार तालुक्यांत पांगेल. टोचल्याशिवाय एकही माणूस जायला नको.”

मी थर्मास उघडला. कुणी पुढे येईना. नवरदेवाचे वडील म्हणाले, “शुभकार्यात सुई लावू न्हाई. देवीआई कोपंल.” गडी बैल जुंपायला लागले. साहेब एकेकापुढे हात जोडत फिरत होते, आणि नवरीची आई दाराला टेकून रडत होती.

तेवढ्यात काठी टेकत नवरदेवाचा थोरला चुलता उठला. दोन्ही डोळे गेलेले, चेहरा वणांनी भरलेला.

“कुठं हाय त्यो देवी डॉक्टर?” म्हणत तो माझ्यासमोर आला आणि पैरणीची बाही वर सारून दंड पुढे केला. बैल जुंपणारे थांबले.

मी हळूच म्हणालो, “काका, तुम्हाला देवी येऊन गेल्यात. त्या पुन्हा होत नाहीत. तुम्हाला लशीची गरज नाही.”

त्यानं चाचपडत माझं मनगट धरलं आणि तोंड माझ्या कानाशी आणलं.

“त्ये तुला ठावं, मला ठावं. तू गप टोच. समदी बगत्यात.”