चार नखांवरचा हिरा

नातीचं लग्न ठरलं तेव्हा मी माझा हिरा तिच्या अंगठीला दिला. तांदळाएवढा आहे. आमच्या ह्यांनी मला नाकातल्या चमकीत बसवून दिलेला. हे गेले तेव्हा सासरचे म्हणाले, नाक मोकळं कर. केलं. पण हिरा कुणाला दिला नाही, पोलक्याच्या शिवणीत शिवून टाकला. लोकांकडे पोळ्या लाटून मुलाला शिकवलं, तेव्हाही विकला नाही.

आता मुलाकडेच असते, परदेशात, तोआ पायोह नावाच्या वस्तीतल्या फ्लॅटमध्ये. तिथल्या दुकानात आम्ही अंगठी करायला गेलो. दुकानातल्या पोरीने नमुने दाखवले. एकात हिरा सोन्याच्या काठात बसवलेला, एकात भोवती बारीक हिऱ्यांचं कडं, आणि एकात चार नखांनी वर उचलून धरलेला, एकटाच.

सून म्हणाली, "आई, कडंवाली घेऊ. हिरा जरा मोठा दिसेल. तिच्या सासरचे बघतील ना."

नात म्हणाली, "आजी, तू सांग. तुझा आहे."

"एवढासा आहे तर एवढासा दिसू दे," मी म्हटलं. "इतकी वर्षं लपून राहिला, बास झालं. वर बसव त्याला, चार नखांवर."

"ऐकलंस ना मम्मा? कन्फर्म लाह!" नात तिथल्या बोलीत म्हणाली, म्हणजे ठरलं.

सून हसली. "तुमच्यापुढे कोण बोलणार!"

साखरपुड्यात नातीने अंगठीचं तबक माझ्याच हातात दिलं. मागून कुणीतरी कुजबुजलं, विधवेने कशाला? मी ऐकलं आणि पुढे झाले. नातजावयाने अंगठी घातली. नातीने हात उंच केला, आणि सगळ्या हॉलने माझा हिरा बघितला.